पंधरा किलोत हिरवा चुडा

दुपारची झोप मला कधी येत नाही, आणि आली तरी मी ती कबूल करत नाही. आज मात्र जेवणं झाल्यावर बॅगेशेजारीच सतरंजी टाकून आडवी झालेय. डोक्यावर पंखा घरघरतोय. पाच वाजता पुतण्या गाडी घेऊन येणार, मग पुणं, आणि तिथून पहाटेच्या विमानानं चंदीगड, माझ्या तृप्तीकडे. साठीला टेकले आणि आता पहिल्यांदा विमान. बॅगेत अर्धं घर कोंबलंय, आणि जी वस्तू न्यायची ती नेमकी बाहेर पडलीय.

ती म्हणजे हिरव्या काचेच्या बांगड्यांचं बोचकं. तृप्तीला सातवा लागलाय, रविवारी डोहाळजेवण आहे. मागच्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं संपलं, त्यानंतर तीन वर्षं पोर फोनवर हसायची विसरली होती. आता तिनं एवढंच मागितलंय, "आई, चुडा तू भर. दुसऱ्या कुणाच्या हातून नको." आम्ही कासार. बांगड्या भरणं हा घरचा धंदा, आणि लग्न होऊन आल्यापासून मी दुकानात तेच केलं. पण दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. तेव्हापासून दुकानात नवरी चुडा भरायला आली की मी आपण होऊन उठते आणि पुतणसुनेला पुढं बसवते. कुणी सांगितलं नव्हतं, पण उठते.

काल मात्र सांगितलंच. माझी थोरली जाऊ बॅगेपाशी बसली होती, ती हळूच म्हणाली, "प्रमिला, ते नेऊ नकोस गं. त्यांच्याकडच्या एखाद्या सवाष्णीला भरू दे. आधीच एकदा पोरीचं तसं झालंय." जाऊबाई वाईट नाहीत हो. तृप्तीला त्यांनी माझ्यापेक्षा जास्त कडेवर वागवलंय. मायेपोटी बोलल्या, म्हणून तर लागलं. मी उठले. रद्दीवाल्याचा ताणकाटा आणून बॅग तोलली, ती सतरा किलो भरली. पंधराच चालतात. "वजन जास्त होतंय," असं म्हणून मी बोचकं बाहेर काढलं. लाडवांचा डबा आत, लोणच्याची बरणी आत, आणि बाहेर काय, तर अर्धा किलोसुद्धा नसलेलं बोचकं. जाऊबाईंना कळलं आणि मलाही कळलं.

पंख्याची घरघर लांब जाते. डोळे मिटलेत की उघडे आहेत, नक्की सांगता येत नाही.

"ही कसली गं भरती?" कुणीतरी म्हणतं.

बॅगेच्या पलीकडे माझ्या सासूबाई बसल्यात. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, पंचक्रोशी त्यांना भागू कासारीण म्हणायची. तेच विटकं जांभळं लुगडं, एक गुडघा वर, आणि दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत मोकळे. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं. पण आल्या आल्या तो विषय काढणं बरं दिसत नाही.

"तृप्तीकडं चाललेय, आत्याबाई. विमानानं."

"इमानानं?" त्या म्हणतात. "मग जा की इमानानं. बेइमानानं कशापायी जाशील."

आणि स्वतःच हसतात. असल्या कोट्या त्या बाजारात दिवसभर करायच्या, आणि समोरची बाई हसली की तेवढ्यात दोन बांगड्या जास्त भरायच्या.

त्या बॅगेत हात घालतात. लोणचं बाहेर येतं. स्टीलची दोन भांडी बाहेर येतात. चार चादरी बाहेर येतात. "पंजाबात चादरी मिळत न्हाईत व्हय?" चंदीगड म्हणजे पंजाबच, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मग त्या माझं एक जुनं मऊ पातळ काढतात, त्याची पट्टी करतात, आणि बोचकं सोडून बांगड्या त्यात गुंडाळायला लागतात. चार बांगड्या, पट्टीचा एक वेढा. पुन्हा चार, पुन्हा वेढा.

"काचंला काचंशी बोलू द्यायचं न्हाई," त्या म्हणतात. "बोलली की भांडती."

मी नुसती बघत बसते. आत्याबाई बांगड्यांची पाटी भरायला बसल्या की गल्लीतल्या बाया कामं टाकून बघायला यायच्या. त्यांची बोटं कधी घाईत नसायची आणि कधी थांबायचीही नाहीत. ती पाटी डोक्यावर घेऊन ही बाई आठवड्याचे सहा बाजार चालायची, ओढे उतरायची, बैलगाडीच्या मागं लटकायची. मला शिकवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. मी दुकानातली कासारीण झाले, त्यांच्यासारखी वाटेवरची मला होता आलं नाही.

"धर एका हातानं," त्या म्हणतात.

मी बॅगेचा एक बंद धरते, दुसरा त्यांनी धरलाय, आणि आम्ही बाभळीखालून चाललोय. पायाखाली फुफाटा आहे. आत्याबाई आता तरुण आहेत, सव्वीस वर्षांच्या, कपाळ पांढरं. सासरे गेले त्याला महिनाही झालेला नाही. सासऱ्यांची पाटी आज पहिल्यांदा आत्याबाईंच्या डोक्यावर आलीय.

समोर एक मोठी ओसरी. आत लग्नघर आहे, हळद दळायचा आवाज येतोय. मी अजून जन्मलेलीही नाही, तरी खांबाला टेकून सगळं बघते.

घरातली मोठी बाई दारात येते. "तू?" ती म्हणते. "तुझं कपाळ असं, आणि तू आमच्या लेकीला चुडा भरणार?"

आत्याबाई पाटी उतरवतात. दम घेतात.

"हात तुमच्या लेकीचा हिरवा करायचाय का माझा?" त्या म्हणतात, आणि मांडी घालून बसतात.

मग आतून हळदीच्या अंगाची एक पोरगी येते, समोर बसते आणि हात पुढं करते. एवढंच. मोठी बाई बघत राहते, आणि पोरीच्या दोन्ही हातांत चुडा चढतो.

मला एकदम कळतं की मी या बाईबरोबर चोवीस वर्षं एका घरात राहिले आणि मला त्या कधी विधवा वाटल्याच नाहीत. मोकळे हात रोज समोर होते. ताटात वाढताना होते, माझ्या केसांना तेल लावताना होते, चाळीस गावांतल्या नवरीमुलींचे हात धरताना होते. कुणाच्या मनात आलं नाही, मग माझ्या कुठून येणार.

"आत्याबाई," मी विचारते, "तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली की. हात असा लटलटत होता."

"मग?"

"मग काय. तिचा हात धरला. दुसऱ्याचा हात धरला की आपला थांबतो."

"आणि त्या पोरीचं पुढं काय झालं?" मी विचारते. मला खरं तर दुसऱ्याच पोरीचं विचारायचंय.

त्यांना ते कळतं. त्या माझ्याकडं नीट बघतात.

"चार लेकरं झाली. त्यातलं एक गेलं, तीन जगली. पमे, माझ्या हातानं तिला काय दिलं न्हाई आन् तिचं काय नेलं न्हाई. हातानं बांगडी तेवढी भरली. लोकांनी हाताला लई मोठं करून ठेवलंय."

"मॅडम, बॅग वर ठेवा," ओसरीवरून आवाज येतो.

जिथं मोठी बाई उभी होती तिथं आता गळ्यात रुमाल बांधलेली एक मुलगी संगणकासमोर बसलीय. पुतण्यानं मला मोबाइलवर विमानतळ दाखवला होता, त्यातली ती तशीच्या तशी. ओसरीचा खांब मात्र जागच्या जागी आहे.

"फुटण्यासारखं काही आहे का आत?" मुलगी विचारते.

मी "हो" म्हणणार, तेवढ्यात आत्याबाई पुढं होतात. "आमच्यात फुटत न्हाई, बाई. वाढतं."

कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. बांगडी वाढली म्हणायचं. सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी "फुटली" म्हटलं होतं, आणि आत्याबाईंनी मला तीन वेळा "वाढली" म्हणायला लावलं होतं.

मुलीच्या कपाळाला आठी पडते. "वाढणार? अहो, पंधरा किलोच्या वर चालत नाही. किती वाढेल साधारण?"

आत्याबाईंना असं हसू फुटतं की त्यांना ठसका लागतो. मी त्यांची पाठ चोळते. पाठ गरम आहे, घामानं ओली आहे, आणि मला रडू येतं. मुलगी तेवढ्या वेळात बॅग तोलते. पंधरा भरतात. आत्याबाई बोचकं उचलून बॅगेवर ठेवतात. आकडा हलत नाही. काढतात. तरी हलत नाही.

"वजनाचं निमित्त बरं काढलंस," त्या म्हणतात.

मी मान खाली घालते. "जाऊबाई म्हणाल्या..."

"ती म्हणाली आन् तू ऐकलंस. तिला पोरीची काळजी. तुला कशाची?"

"मलाही पोरीचीच. माझ्या हातून भरला आणि पुन्हा काही झालं, तर मी तिला तोंड कसं दाखवू, आत्याबाई? मी जगू कशी?"

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नव्हते. बोलल्यावर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असतो, आणि छोट्या गोल खिडकीतून खाली शेतांचे तुकडे दिसतात. आत्याबाईंनी खुर्चीवर पाय घेतलेत. त्यांना उंचीचं काहीच वाटत नाही. "बाजार दिसतोय का बघ," असं म्हणून त्यांनी खिडकीला नाक लावलंय.

मग त्या वळतात. "हात बघू."

"कशाला?"

"बघू गं."

त्यांनी बोचक्यातली एक बांगडी काढलीय. मी हात मागं घेते. "ह्या तृप्तीच्या मापाच्या आहेत, दोन-चारच्या. माझा हात दोन-आठचा. अंगठ्याशीच अडकेल."

"मला माप शिकवतीस?"

त्या माझा डावा हात मांडीवर घेतात आणि चोळायला लागतात. करंगळीकडून अंगठ्याकडं, अंगठ्याकडून तळव्याकडं. माझी हाडं अशी मऊ पडतात की हात माझा आहे असं वाटत नाही.

"तृप्तीला पैल्या बांगड्या कुणी भरल्या गं?" त्या सहज विचारतात. "मला आता आठवत न्हाई."

"असं कसं आठवत नाही? बाराव्या दिवशी, काळ्या मनगट्या. पाळण्यात घालायच्या आधी. जाऊबाईंनी तिला मांडीवर धरली होती आणि भरल्या तुम्हीच की, आत्याबाई..."

बोलता बोलता मी खाली बघते तर बांगडी मनगटावर आहे. ही त्यांची जुनी हातचलाखी. बाईला बोलतं करायचं, बाई बोलण्यात गुंतली की हात सैल पडतो. माझ्यासारखीला, जन्मभर कासारीण असलेल्या बाईला, त्यांनी त्याच युक्तीनं फसवलं. काय म्हणावं या बाईला. मला त्यांचा इतका अभिमान वाटतो की छाती दुखते.

आत्याबाई पाटी डोक्यावर घेतात. "मी हितं उतरते."

"इथं? इथं कुठं उतरता, खाली काहीच नाही."

"माझा बाजार हाय."

"चला ना माझ्याबरोबर. तृप्तीला भेटा. तुम्हीच भरा तिला."

"तुला सांगावा आलाय, मला न्हाई," त्या म्हणतात. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून, हात न लावता पाटी तोलत, त्या चालत जातात. विमान एकीकडं कलतं. पाटी कलत नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय. पंखा घरघरतोय. जाऊबाई दारात उभ्या आहेत, हातात दह्याची वाटी.

"अगं, झोपलीस काय? पोरगा येऊन थांबलाय." आणि मग त्यांचं लक्ष खाली जातं. "हे काय?"

मी बघते. माझ्या डाव्या मनगटावर हिरवी बांगडी आहे. एकच. जाऊबाई वाटी खाली ठेवतात आणि माझा हात धरून बांगडी ओढून बघतात. ती अंगठ्याच्या सांध्यापर्यंत येते आणि थांबते. त्या मोरीतून साबण आणतात, चोळतात, पुन्हा ओढतात. बांगडी येत नाही.

"दोन-चारची आहे," मी म्हणते. "काढायची तर वाढवावीच लागेल."

प्रवासाला निघताना ते त्यांच्याच्यानं होणार नाही, हे मला माहीत आहे. जाऊबाई माझा हात उजेडाकडं नेतात. पुढून बघतात, मागून बघतात, अंगठ्याच्या सांध्यावरून बोट फिरवतात. त्याही याच घरच्या कासारीण आहेत, माझ्याआधी सात वर्षं आलेल्या, आत्याबाईंचा हात ओळखणाऱ्या.

"ओरखडासुद्धा नाही गं," त्या अगदी हळू म्हणतात.

त्या बराच वेळ हात सोडत नाहीत. मग खाली बसतात, बॅगेतली लोणच्याची बरणी काढून बाजूला ठेवतात, सतरंजीवर पडलेलं बोचकं उचलतात आणि साड्यांच्या मधोमध नीट बसवतात. चेन ओढताना त्यांचा आवाज भरून येतो.

"तृप्तीला तूच भर," त्या म्हणतात.