नामदेवचा खोकला आणि तीन रंगांचं ऑइल

आमच्या धंद्यात दोन गोष्टी फुकट साचतात. एक भुसा, दुसरे किस्से. भुसा लोक गोठ्यात पसरायला पोती भरून नेतात. किस्सेही नेतात, पण ते फिरून माझ्याच नावानं परत येतात, कारण दहातल्या नऊ किश्शांत येडा मीच असतो. दहाव्यात मी हजर नव्हतो!

धंदा म्हणजे झाडं कापायचा. घर घोडेगावात. शिनोलीपासून पार जुन्नरपर्यंत कुणाच्या बांधावरची सुबाभूळ, कुणाची निलगिरी, कुणाचा वाळलेला आंबा, मालकानं बोलावलं की आम्ही जातो. आम्ही म्हणजे मी, नामदेव आणि माझा पेट्रोलवरचा चेनसॉ. त्याला इकडं सगळे 'कटर' म्हणतात. कटर माझा, पण चालवायचा नामदेवनं. नामदेव शिनोलीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतो. भाताची चार खाचरं सोडली तर त्याचं घर ह्या कटरवर चालतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. तिसरे सलीमभाई, जुन्नरचे मिस्त्री. मी मशीनची वाट लावायची आणि त्यांनी निस्तरायची, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय.

*

कटरच्या पेट्रोलमध्ये टूटी ऑइल, म्हणजे डब्यावर '2T' लिहिलेलं इंजिनाचं ऑइल, मिसळावं लागतं. हे मला नवी मशीन घेताना दुकानदारानं दोनदा सांगितलं होतं. आता कटरला टाक्या असतात दोन. एक पेट्रोलची, दुसरी चेनवर सोडायच्या ऑइलची. मी एकीत नुसतं पेट्रोल भरलं, दुसरीत टूटी भरलं आणि समजलो की आत कुठंतरी दोघांची गाठ पडत असेल.

मशीन अर्धा तास लई भारी पळाली. मग एकदम किंचाळली आणि बसली. बसली म्हणजे पिस्टन आतल्या आत चिकटला, इंजिन जाम.

सलीमभाईंनी ती उघडली, आत बघितलं आणि शेजारच्या टेलरला आणि समोरच्या चहावाल्याला हाक मारली. तिघांनी मिळून पिस्टन बघितला. मग सलीमभाई माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "पावणं, मशीन चालवली का भाजली?"

तो पिस्टन अजून त्यांच्या टेबलावर आहे. त्यात ते बारीक स्क्रू ठेवतात आणि नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तो दाखवतात. एकदा मी तिथंच बाकड्यावर बसलो होतो. गिऱ्हाइकानं विचारलं की हा कोण शहाणा? सलीमभाई माणूस खानदानी. म्हणाले, "होता एक बिचारा. आता ह्या भागात नसतो."

*

नामदेवची झाड पाडायची एक पद्धत आहे. बुंध्याभोवती एक चक्कर मारतो, वर बघतो, मग वीस-पंचवीस पावलं चालत जाऊन जमिनीत एक काडी रोवतो. परत येतो, कटर चालवतो, आणि झाडाचा शेंडा त्या काडीवर येऊन पडतो. लोक हे बघायला बांधावर उभे राहतात.

एकदा नामदेव सोयऱ्यांच्या लग्नाला गेला होता. मी म्हटलं, काडी काय, आपल्यालाही रोवता येते. चक्कर मारली, वर बघितलं, काडी रोवली. मोटरसायकल तेवढी आठवणीनं उलट्या बाजूला लांब लावली.

मोटरसायकलची टाकी, हँडल आणि सीट, तिन्ही गेली. मालक म्हातारबाबा होते, ते सावकाश चालत काडीपर्यंत गेले, वाकून बघितलं आणि मला ओरडून सांगितलं, "काडीला धक्का न्हाई बरं का!"

तेव्हापासून फोन माझ्याच मोबाईलवर येतो, पण पहिला प्रश्न असतो, नामदेव मोकळा आहे का. मी मोकळा आहे का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

*

तर असा हा नामदेव दिवाळीनंतर खोकायला लागला. कटरचा धूर सरळ तोंडावर येतो. तोंडाला फडकं बांध म्हटलं, तर म्हणे फडक्यात जीव घुसमटतो. घोडेगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर काम बंद करा. बाहेर आल्यावर नामदेव म्हणाला, "होळीपर्यंत बघतो भाऊ. न्हाईच थांबलं तर सोडून देतो."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोलू, अर्धी काळजी नामदेवची होती आणि अर्धी माझी. हा गेला तर मी काय करणार, काड्या रोवणार?

मग मी ठरवलं की कमीत कमी धुराचं टूटी शोधून काढायचं. आळेफाट्याला जाऊन तीन डबे आणले. लाल, निळं, हिरवं. लाल सगळे वापरतात ते. निळं जरा बरं. हिरवं सगळ्यात महाग, त्याच्या डब्यावर एक गोरा माणूस कटर धरून हसत उभा, आजूबाजूला धुराचा मागमूस नाही. पोराची जुनी वही घेतली, रेघा मारल्या आणि रकाने पाडले. ऑइल, धूर, वास, खोकला. बायकोनं वही बघितली आणि म्हणाली, "अहो, शाळेत एवढं केलं असतं तर!"

*

धूर मोजायचा कसा? मी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि सायलेन्सरपुढं धरली. लाल ऑइलचा एक डाग, टोपी फिरवून निळ्याचा दुसरा, अजून फिरवून हिरव्याचा तिसरा. सलीमभाईंच्या दुकानात, त्यांच्याच हातानं मशीन चालवून घेतली. लालचा डाग काळा, निळ्याचा भुरका, हिरव्याचा जवळजवळ नाहीच. वहीत लिहिलं, हिरवं पास.

संध्याकाळी मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मी घाईत तीच टोपी घालून गेलो आणि पुढच्या रांगेत बसलो. फोटोही बरेच निघाले. नवऱ्या मुलाचे चुलते जवळ येऊन बसले. बराच वेळ माझ्या डोक्याकडं बघत होते. शेवटी हळूच विचारलं, पावणं, अंगावर काय पडलं का? मी त्यांना डागांचा अर्थ समजावून सांगितला. लाल, निळं, हिरवं, सगळं. ते उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

*

ह्या अभ्यासानं मी इतका चढलो की ऑइल नुसत्या वासावर ओळखतो म्हणून सांगायला लागलो. सलीमभाईंनी तीन बाटल्यांच्या टोपणांत ऑइल आणलं आणि म्हणाले, सांगा.

पहिल्याचा वास घेतला. म्हटलं, हे हलकं, प्लग काळा करणार. दुसरं बोटांवर चोळलं. म्हटलं, ह्याला चिकटपणा आहे, पिस्टनला धरून राहील. तिसऱ्याला तर मी डोळे मिटले. म्हटलं, हा माल बाहेरचा, ह्याचा धूर निघूच शकत नाही. चहावाला हातातली किटली तशीच धरून ऐकत होता.

सलीमभाईंनी तिन्ही टोपणं एकाच डब्यात परत ओतली. मी म्हटलं, अहो, मिसळू नका. ते म्हणाले, "त्यातूनच काढलं व्हतं राव."

*

हिरव्या ऑइलचं प्रमाण लिटरला वीस मिली, लालच्या निम्मं. त्यामुळं माप काटेकोर पाहिजे. माझ्याकडं माप नव्हतं. नामदेवच्या पिशवीत खोकल्याच्या औषधाची बाटली होती, तिच्यावर प्लॅस्टिकचं छोटं माप पालथं घातलेलं. त्यावर रेघासुद्धा होत्या. मी ते घेतलं, दोनदा भरून ऑइल ओतलं, फडक्यानं पुसलं आणि होतं तसं लावून ठेवलं.

दुपारी भाकरी झाल्यावर नामदेवनं औषध घेतलं. घेतलं आणि थुंकून टाकलं. मग बाटली उन्हाकडं धरून बघितली, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी वहीत डोकं घातलं होतं. तो तांब्याभर पाण्यानं चूळ भरून आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचं ऑइल आता मशीनला द्या. मला कालचंच औषध बरं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी त्याला नवीन बाटली आणून दिली. माप मात्र मी ठेवून घेतलं.

*

आता खरी परीक्षा. शिनोलीजवळ एका मळ्यात सुबाभळीची लांब रांग पाडायची होती. एकाच जातीचं लाकूड, एकच मशीन, एकच माणूस. तीन दिवस लाल, तीन दिवस निळं, तीन दिवस हिरवं. सकाळी कॅनमध्ये पेट्रोल आणि ऑइल मी स्वतः मिसळायचो. टाकी भरायचं काम नामदेवचं, ते त्यानं कधी कुणाला करू दिलं नाही. मी टेम्पोवाल्याला फोन लावायचो, मालकाशी बोलायचो, आणि लांब बसून धूर बघायचो.

नऊ दिवस तिन्ही ऑइलांचा धूर सारखाच! निळसर, दाट, थेट नामदेवच्या तोंडावर. आणि खोकलाही तेवढाच. वहीत मी रागानं लिहिलं, सगळे डबे एकाच माळेचे मणी.

आळेफाट्याच्या दुकानदाराशी जाऊन भांडलो. चार ट्रकवाले जमा झाले. तो गरीब माणूस हात जोडून म्हणाला, साहेब, ह्या ऑइलाला धूर येतो असं म्हणणारे तुम्ही पहिलेच. मी म्हटलं, कारण नीट तपासणारा मी पहिलाच.

मशीन सलीमभाईंकडं नेली. त्यांनी हिरव्याचं मिश्रण नव्यानं करून चालवली. धूर नाही. परत चालवली. नाहीच. मी म्हटलं, तुमच्या दुकानात वारा खेळता आहे, म्हणून दिसत नसेल. सलीमभाईंनी मशीन बंद केली, हात पुसले आणि म्हणाले, "मशीन तीच, ऑइल तेच. हितं धूर न्हाई, तिथं धूर. म्हंजी तिथं काय जादा हाय, ते बघा." तिथं ऑइल मिसळणारा मी होतो, एवढंच जादा. त्यामुळं मला राग आला आणि मी चहा न घेता निघालो.

*

होळी आली. खोकला होता तसाच होता. नामदेवनं शब्द पाळला. शेवटचं झाड काडीवर पाडलं, कटर गार होऊ दिला, चेन पुसली आणि मला समोर बसवलं. म्हणाला, आता तुमालाच चालवायचाय, तर नीट बघून घ्या. चेनला धार कशी लावायची, मशीन चालू करायची दोरी कुठपर्यंत ओढायची, बुंध्याला खाच कुठल्या अंगानं घ्यायची, सगळं एकदा करून दाखवलं. इतकी वर्षं आम्ही बरोबर होतो आणि मी ह्या माणसाला एक साधं ऑइल शोधून देऊ शकलो नाही, ह्याची मला खरंच लाज वाटत होती.

उठता उठता नामदेव थांबला. "एक ऱ्हायलंच की," म्हणाला, आणि पिशवीतून एक जुनी पाण्याची बाटली काढली. आत लाल टूटी, अर्ध्याच्या वर.

"टाकी भरली ना भाऊ, की ह्यातली दोन टोपणं वरून घालायची. मी रोज घालतो. तुमी कॅनमदी घालता ते ठीक हाय, पण ती निळी-हिरवी ऑइलं लई पातळ. निळ्याच्या पैल्याच दिवशी बघितलं, धूरच निघंना! म्हटलं, मशीनला ऑइल पोचत न्हाई. बसली बिसली तर भाऊंनी काय करायचं?"

नामदेवला खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत तो बाजूला तोंड करून उभा राहिला.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं.

"आता कशाला? दावलं की सगळं."

"ये तू. बाटली घरी ठेवून ये."

"आन् मशीन बसली म्हंजी?"

"बसू दे."