भिंत कुणाच्या मागून

अंबरपेठेतली आमची गल्ली मुसी नदीच्या काठाला जाऊन संपते. शेवटून दुसरं घर आमचं आणि शेवटचं आपांचं. आपा शिवणकाम करायच्या, मुलगी लग्न होऊन गेल्यापासून एकट्याच राहायच्या. मी अफझलगंजला एका होलसेल दुकानात हिशेब बघते. दोन्ही घरांमध्ये एक माणूस जाईल एवढा बोळ होता आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर. त्या मला भाभी म्हणायच्या. मीठ, कढीपत्ता, कुकरची शिट्टी असलं काहीबाही त्या खिडक्यांतून इकडून तिकडे जायचं.

एका ऑक्टोबरात सलग पाऊस लागला, वरच्या तलावांचे दरवाजे उघडले आणि नदी गल्लीत शिरली. आमच्याकडे पाणी कमरेपर्यंत चढलं, आपांकडे खिडकीपर्यंत. नवऱ्याने आणि मी त्यांचं शिलाई मशीन उचलून आमच्या गच्चीवर नेलं. पुढचे काही दिवस आम्ही सगळे दिलसुखनगरला नणंदेकडे होतो, आपाही. त्या आणि माझ्या सासूबाई एकाच खोलीत झोपायच्या. एकीची दखनी, दुसरीची नांदेडकडची मराठी, पण गप्पा थांबत नसत.

पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी महापालिकेची माणसं मोजमाप घ्यायला आली. नदीला कट्टा घालणार आहेत, असं गल्लीभर झालं. सासूबाईंना वाटलं, बसायचा कट्टा. "बरं झालं. संध्याकाळी टेकायला होईल," त्या म्हणाल्या. इकडे तेलुगूत कट्टा म्हणजे बांध, आणि ही तर पुरुषभर उंचीहून मोठी सिमेंटची भिंत असणार आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या जरा खट्टू झाल्या, पण म्हणाल्या, पाणी थांबत असेल तर असू दे.

मग एका रविवारी जवळच्या फंक्शन हॉलमध्ये सभा झाली. इंजिनियर बाई तरुण होत्या, तेलुगूत बोलत होत्या. मी शेजारी बसून सासूबाईंना मराठीत सांगत होते. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, थोड्या वेळात धो धो पडतो, म्हणून जुन्या उंचीचा बांध पुरणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला. लाल रेघ म्हणजे भिंत. ती आमच्या आणि आपांच्या मधल्या बोळातून गेली होती. आमचं न्हाणीघर आणि शेवग्याचं झाड त्यात जाणार होतं, पण घर आत राहणार होतं. आपांचं घर नदीच्या बाजूला पडत होतं. त्यांना दुसरीकडे फ्लॅट मिळणार होता.

मी उठले. दोन्ही घरं आत येतील अशी रेघ काढता येणार नाही का, असं विचारलं. इंजिनियर बाईंनी टाळाटाळ केली नाही. येईल, म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा नकाशा लावला. रेघ आपांच्या मागे सरकवली की तिथे नदीचं पात्र अरुंद होत होतं, आणि समोरच्या काठावरच्या वस्तीत पाणी चढत होतं. त्या वस्तीतले लोकही हॉलमध्येच होते, मागच्या खुर्च्यांवर.  मी खाली बसले.

मग आपा बोलल्या. त्या घराबद्दल भांडतील असं मला वाटलं होतं.

"घर देते बोले, अच्छी बात है. मगर कां पे? मेरे कस्टमरां सब इधरीच हैं. दूर दिए तो मैं सीऊं किसका?"

याचं उत्तर सभेत मिळालं नाही. नंतर मी दुकानातून अर्धी रजा काढून त्यांच्याबरोबर दोनदा महापालिकेच्या ऑफिसात गेले. जवळच्या इमारतीत एकही फ्लॅट रिकामा नव्हता. मिळाला तो दिलसुखनगरच्याही बराच पुढे, चौथ्या मजल्यावर. जायच्या दिवशी सासूबाईंनी त्यांना पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि आत जाऊन पडून राहिल्या. टेंपोत सामान माझ्या नवऱ्याने चढवलं. आपांचं घर पाडलं तेव्हा आम्ही सगळे आपापल्या कामावर होतो.

भिंत उभी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आता सिमेंट आहे, दिवसाही दिवा लावावा लागतो. पुढच्या पावसाळ्यात तलावांचे दरवाजे पुन्हा उघडले. मी गच्चीवर गेले. भिंतीपलीकडे आपांच्या घराची जागा पाण्याखाली होती आणि अलीकडे गल्ली फक्त पावसाने ओली. तेवढ्यात आपांचा फोन आला.

"पानी आया क्या, भाभी?"

"नाही आलं, आपा."

"हौ? अच्छा हुआ," त्या म्हणाल्या.  सासूबाई फोन मागत होत्या, मी तो त्यांच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी मी ब्लाउजची दोन कापडं घेऊन दिलसुखनगरला बस बदलून त्यांच्याकडे गेले. लिफ्ट बंद होती. त्यांनी माझं माप घेतलं, दंडाला जाड झाल्याचं सांगितलं, चहा केला. खालच्या मजल्यावरच्या एका बाईने परकर शिवायला टाकले होते, शेजारच्या मुलींनी शाळेचे गणवेश. माझे ब्लाउज मिळायला महिना लागला.