मामांच्या श्वासावर

सोपानमामा क्लॅरिनेट तोंडाला लावण्याआधी एवढ्या जोरात श्वास घ्यायचे, की मागच्या बाकावरही ऐकू यावा. मार्था टीचरचा पियानो आणि माझं व्हायोलिन त्याच श्वासावर सुरू व्हायचं. दुसरी कसलीच खूण आम्हाला लागत नसे.

उभी हयात मामांनी घोडेगावच्या बँडमध्ये वराती वाजवल्या. नगरच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी टीचर आणि मी तिघांसाठी लिहिलेलं विलायती संगीत घेऊन बसायचो, आणि तिसरा माणूस मिळत नव्हता. मामा आले आणि पहिल्याच सुरात त्यांनी आम्हा दोघींना बुडवून टाकलं. "मामा, इथं एकमेकांचं ऐकायचं असतं," टीचर म्हणाल्या. मामा हसले. "वरातीत आमचं आमालाच ऐकू येत न्हाई, टीचर. हे लई अवघड हाय." पण ते असे शिकले, की पुढे मलाच दटावू लागले, "ताई, वरात पुढं गेली, आता हळू."

गेल्या वर्षी त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. मामा कसले ऐकतात! "फुंकनी ठिवली तर चूल कशी पेटंल?" पण संथ भागातला त्यांचा लांब सूर मध्येच तुटायचा. मामांचा श्वास पुरावा म्हणून दर रविवारी टीचर लय जराशी वाढवत गेल्या, आणि मीही गुपचूप त्यांच्यामागे धावले. त्या चालीतला जीव चालला होता, आणि मामांचाही. मला दोन्हींची भीती वाटायची.

नाताळच्या तोंडावर मामा वाजवता वाजवता थांबले. "टीचर, माझ्यापायी पळताय व्हय?"

टीचरनी पट्ट्यांवरचे हात काढून घेतले.

"दया नगं मला. हाय तसं घ्या. तुटला तर तुटला."

टीचरनी मूळची संथ लय धरली. लांब सूर आला. मामांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळे पाणावले, आणि सुराआधी श्वास संपला. मी कसलाही विचार न करता तो सूर व्हायोलिनवर उचलला आणि शेवटपर्यंत नेला. मामा ऐकत राहिले. मग क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवत म्हणाले, "त्यो सूर ऱ्हाऊ द्या आता तुमच्याकडंच."

त्यानंतर ते नुसतेच पहिल्या बाकावर येऊन बसायचे. आम्ही तयार झालो की श्वास घ्यायचे, घरघरता आणि दर वेळी आधीपेक्षा आखूड. आम्ही सुरू करायचो.

उन्हाळ्यात मामा गेले. पुढच्या रविवारी टीचरची बोटं पट्ट्यांवर होती, माझा गज तारेवर. सुरू कोणी करायचं तेच कळेना. शेवटी टीचरनी मामांसारखा जोरात श्वास घेतला, आणि मला रडू फुटलं.