चालत्या यंत्राचं भेव

चिनू, रेवा,

रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसलात. आजोबांच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या पंपाचा, सर्जनचा नाही, म्हणून. तो प्रश्न मला जिच्यामुळे सुचला तिच्याबद्दल, ऑपरेशनच्या आधीच लिहिते आहे.

आपल्या गच्चीवरच्या खोलीत एक भाडेकरू होती. मूळची मौद्याची, चाळिशीची, एकटी. शिरेतून थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप दवाखान्यात असतात, ते बनवणाऱ्या कंपनीचं काम ती घरून करायची. "कसं चाललंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "चालून राहिलं, काकू. तेच तर भेव आहे."

यंत्राच्या आत सगळ्या कामांना पाळी देणारा एक भाग असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्यात एक चूक लपली होती. क्वचित कधीतरी पंप मध्येच थांबायचा आणि पडद्यावर मात्र 'चालू' दिसायचं. ती त्या चुकीच्या मागे होती.

एकदा ती आमच्याकडे जेवायला होती आणि वरण खारट झालं. मी चव घेतली, मीठ नव्हतं, टाकलं. त्याच वेळी आजोबांनीही चव घेतली होती, त्यांनीही टाकलं. आम्ही एकमेकांना बोल लावत होतो. मग ती म्हणाली, "तुम्ही दोघंही बरोबर होते, काका. एकाच वेळी बरोबर होते, एवढंच. माझा पंपही असाच फसते."

"मग उपाय?" आजोबा म्हणाले. "हिला स्वयंपाकघरातून काढू?"

"आधी मिठाची बरणी हातात घ्यायची, मग चव पाहायची. बरणी एकच आहे ना."

पण पंपातली कोणती दोन कामं अशी एकाच वेळी आदळतात ते सापडेना. नजर ठेवायला तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की चूक नाहीशी व्हायची, कारण त्या ओळीनेच एका कामाला जरासा उशीर होई. कंपनीतले तिचे साहेब म्हणाले, मग ती ओळ राहूच दे. त्या दिवशी ती जिन्यात भेटली. "साप दिसत नाही म्हणजे घरात नाही, असं मानायचं का, काकू?"

मे महिन्यात तिचा कूलर बिघडला आणि त्याच दुपारी तिच्या टेबलावरचा तपासणीचा पंप थांबला. फार तापलं की यंत्र आपला वेग कमी करतं, कामांच्या वेळा सरकतात. साहेबांच्या गार ऑफिसात हे कधी घडलंच नसतं. कूलर दुरुस्त झाला तरी तिने तो लावला नाही.

"काहून वं, शिजून राहिली का?" आजोबांनी खालून हाक दिली.

"पंपाले ऊनच लागते, काका. वॉर्डातली लाइट गेली का तोही असाच तापते."

चूक सापडली तेव्हा ती खाली आली. ओठ फुटलेले, चेहरा लाल. मी पन्हं दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं. "पहिल्या पंपापासून आत आहे हे, काकू. कोणाकोणाच्या उशाशी थांबला असंल. अन् लोकायले वाटलं असंल, पेशंटचीच वेळ आली होती."

कंपनीने नवे पंप सुधारले. जुन्यांसाठी दवाखान्यांना पत्रं गेली, ती कोणी वाचली देव जाणे. मग सुटीच्या दिवशी ती स्कूटरवर लॅपटॉप घेऊन निघायची, कन्हान, मौदा, जिथे जमेल तिथे. काही डॉक्टरांनी दुरुस्ती करू दिली. बाकीचे म्हणाले, "चालून राहिला ना, मॅडम? कायले हात लावता?" हे ती आम्हाला हसत सांगायची. तिचं ते हसू मला बघवत नसे.

गेल्या थंडीत ती तापाने गेली. भावाने येऊन सामान नेलं.

काल मी आजोबांची खोली बघून आले. खाटेशी पंप आहे, जुनाच. नर्स म्हणाली, "त्याची काही तक्रार नाही जी." मी नवा मागितला आहे. बघते म्हणाली. नव्या पंपांत तिची दुरुस्ती आहे. जुने अजून वॉर्डांत आहेत.