हलली का?

लातूरला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक चाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. भूकंपानंतर त्यांनी एक घंटी बनवली. तांब्याच्या कड्यात लोंबता बोल्ट, जमीन जरा हलली की बोल्ट कड्याला टेकतो आणि जुन्या टेलिफोनची घंटी वाजते. पुढं त्यांनी भंगारातून कॉम्प्युटर जुळवला, मोडेम लावला. घंटी वाजली की चाचा चॅटरूममध्ये एका बोटानं टाइप करायचे, "हलली का?" देगलूर, कंधार, चाकूरहून अनोळखी माणसं लगेच लिहायची, "हाव, हलली." मगच चाचा पुन्हा कामाला लागायचे.

ती चॅटरूम केव्हाच बंद झाली. आता वरच्या मजल्यावर क्लास आहे. बॅच सुटली की पोरं धडाधडा जिना उतरतात, तेवढा वेळ चाचा बोल्ट हातात धरून उभे राहतात.

परवा दुपारी जिना रिकामा असताना घंटी वाजली. माझ्याही काउंटरवरचा चहा थरथरला. चाचांनी इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, "हलली का?" क्लासच्या सरांनी लिहिलं, "इथे फालतू मेसेज नकोत," आणि त्यांना ग्रुपातून काढून टाकलं.

माझं डोकंच फिरलं. वर शेकडो पोरं कोंडून बसवलीत, आणि पायाखालच्या जमिनीची चौकशी फालतू? "चला चाचा, जाब विचारू त्याला!" मी ओरडलो.

सोल्डरिंगवरून मान न उचलता चाचा म्हणाले, "त्याचं काय न्हाई भाऊ. ग्रुपात तुम्ही पण होते. हाव तरी म्हणायचं."