फार जुळतंय

दोन सह्या अगदी तंतोतंत जुळल्या, की आमचे साहेब खुर्ची मागे सरकवायचे. मान डावीकडे कलती करायची, एक डोळा मिटायचा आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचं, “फार जुळतंय.”

आमच्या बँकेत ते पासिंगला होते. म्हणजे चेकवरची सही आणि खातेदाराने खातं उघडताना दिलेली सही स्क्रीनवर शेजारी शेजारी लावायची आणि चेक पुढे सोडायचा की परत पाठवायचा, ते ठरवायचं. तुमच्या-माझ्यासारखा माणूस दोन सह्या वेगळ्या दिसल्या की घाबरतो. ते सारख्या दिसल्या की घाबरायचे. “जिवंत माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही,” ते सांगायचे. “सही अगदी तशीच आली, तर समजा कोणीतरी गिरवलीय.”

हे ज्ञान मला स्वतःची शोभा करून घेऊन मिळालं. सुरतेच्या शाखेत नवा आलो, तेव्हा माझी सही दर वेळी वेगळी येते याची मला लाज वाटायची. म्हणून घरभाड्याचा चेक लिहिताना मी आपली जुनी सही समोर ठेवली आणि जीभ बाहेर काढून तिची हुबेहूब नक्कल केली. दुपारी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं.

“ही सही कोणाची?”

“माझी.”

“कशावरून?”

आपली सही आपलीच आहे हे सिद्ध करायची वेळ आली, की कळतं, आपल्याकडे काहीही पुरावा नसतो. मी ओळखपत्र काढलं. त्यांनी त्यावरचा फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला, मान कलती केली.

“जुळत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे तुम्ही खरे आहात. सही परत करा. लक्ष न देता.”

त्यांचा संशय नुसता सह्यांपुरता नव्हता. पेढा दिला तर आधी कारण विचारायचे, मग शेजारच्याला कसला दिलाय ते बघायचे. कौतुक केलं तर, “काय काम आहे?” कँटीनचा चहा कालच्यासारखाच लागला, तर तो कालचाच आहे म्हणून परत पाठवायचे. अशा माणसाच्या बाबतीत आपल्याच हाती काही संशयास्पद लागावं, असं कोणाला वाटणार नाही? मला तर फार वाटायचं. आणि एक दिवस ते लागलं.

शनिवार जवळ आला की त्यांच्या टेबलाखाली एक कापडी पिशवी दिसू लागे. तिच्या तोंडातून वायरी डोकावत. कोणी विचारलं तर “लिंबायतला जायचंय,” एवढंच उत्तर. लिंबायत म्हणजे सुरतेतली खानदेशी लोकांची वस्ती. आणि फोनवर ते तोंडापुढे हात धरून बोलत. एकदा मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे उभा राहिलो, तर ते म्हणत होते, “करडा मिळाला का? उघडून बघ. वरून सगळे खरेच दिसतात.”

काहीतरी बनावट वस्तूंचा धंदा आहे, एवढं मी तिथल्या तिथे पक्कं केलं. कसल्या वस्तू, ते नंतर बघता आलं असतं.

सुट्टीच्या शनिवारी मी रिक्षा करून त्यांचा पाठलाग केला. पाठलाग करताना कसं वागायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी रिक्षा त्यांच्या पुढे काढली, परत फिरवली, पुन्हा पुढे काढली आणि शेवटी गल्लीच्या कोपऱ्यावर उतरलो. ते एका खालच्या खोलीत शिरले होते. खिडकीला जाड पडदा होता. मी पडद्याशी कान लावला. आतून धप्प असा आवाज आला, आणि एक अनोळखी आवाज समाधानाने म्हणाला, “मेला तुझा. माझा बघ, कसा जगतो.”

पोलिसांना फोन करावा की पळावं, हे ठरत नव्हतं. तेवढ्यात तोच आवाज मोठ्याने म्हणाला, “खिडकीवाले साहेब, आत या. ऊन आहे बाहेर.”

आत गेलो. जुन्या, पाठ फुगलेल्या दोन टीव्हींपुढे एका खाटेवर दोन पन्नाशीचे पुरुष मांड्या घालून बसले होते. एक आमचे साहेब. दुसरे त्यांचे बालमित्र, ज्यांना गल्ली नाना म्हणायची. दोघांच्या हातात गेमची बटणं होती. नानांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, टीव्हीकडेही नव्हतं.

“फुटक्या सायलेन्सरची रिक्षा,” नाना म्हणाले. “दोनदा गल्लीतून गेली, मग थांबली. उतरलेला माणूस खिडकीशी आला आणि श्वास रोखून उभा राहिला. मी जन्मभर रिक्षा चालवली साहेब, एवढं कळतं.”

आमच्या साहेबांनी मला पाहून मुळीच लाज मानली नाही. त्यांनी फक्त विचारलं, “तुम्हाला कोणी पाठवलं?”

दोन्ही टीव्हींवर एकच गेम चालू होता. एक मशालवाला माणूस भुयारातून पळतो, वरून दगड पडतात. एवढाच. फरक टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यांचा होता. साहेबांचा डबा काळा, नानांचा करडा. हे दोघं लिंबायतमध्येच वाढले, तेव्हाचे हे दोन डबे. दोन वेगळ्या कंपन्यांचे, एकमेकींच्या हाडवैरी. गेम तोच, पण प्रत्येक कंपनीने तो आपल्या डब्यात बसेल असा कापून-शिवून घेतलेला. काळ्यात चित्र रुंद होतं, पुढचं भुयार आधी दिसायचं. करड्यात चित्राच्या कडा कापल्या होत्या, पण दगड सुटायच्या आधी बारीक ‘टक’ असा आवाज यायचा. काळ्यात तो टक नव्हताच, दगड न सांगता पडायचा. काळ्यात पाणी निळं होतं, करड्यात हिरवं. काळ्यातलं संगीत पत्र्यावर वाजवल्यासारखं, करड्यातलं माठात बसून गायल्यासारखं.

कोणता चांगला, यावर दोघं शाळेपासून भांडत होते. साहेब शिकून बँकेत लागले, नाना रिक्षावर गेले, भांडण जागचं हललं नाही. साहेबांचं वाक्य ठरलेलं होतं. “भंगार आहे तुझा डबा. समोरचं अर्धं दिसतच नाही.” आणि नानांचं, घरच्या अहिराणीत, उत्तर ठरलेलं. “तुना डबा मुका शे.”

नानांच्या बायकोने, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, मला चहा देताना सांगितलं, “लग्न करीसन आनू ना, तवयपासून हेच ऐकी राह्यनू. माले पह्यले वाटनं, जमिनीनं भांडण शे.”

आता नानांचं खरं सांगतो. रक्तातल्या साखरेने त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्याने उजेड-अंधार एवढंच कळायचं. रिक्षा विकली होती. पेपर सुटला, पत्ते सुटले, वहिनींचा चेहरा धुक्यात गेला. शिल्लक होतं ते भुयार, कारण त्यातल्या टकवर ते कानाने पळू शकत होते. आणि नेमका तो करडा डबा मरायला टेकला होता. मध्येच बंद पडायचा, थोपटला की जागा व्हायचा. दुरुस्त करणाऱ्यांनी हात वर केले होते. जन्मभर ज्या डब्याला साहेबांनी भंगार म्हटलं, त्याचाच धडधाकट भाऊ ते चोरून गावभर शोधत होते. नानांना कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं, तर नाना भांडण जिंकले असते.

मी मदतीला धावलो. मी मदत करतो तेव्हा लोकांनी सावध राहावं.

पहिल्यांदा मी तो गेम मोबाइलवर फुकट उतरवून नेला आणि मोठ्या ऐटीने नानांच्या हातात दिला. नाना पहिल्याच दगडाखाली मेले. परत मेले. “टक येतो साहेब,” ते नम्रपणे म्हणाले, “पण दगड पडल्यावर येतो.” आमच्या साहेबांनी फोन आणि डबा जवळजवळ धरून ऐकले. “शेजारी शेजारी ठेवा, मग बोला,” ते मला म्हणाले. फरक केसाएवढा होता. दगडाला तेवढा पुरतो.

दुसऱ्यांदा मी रविवारच्या बाजारातून करडा डबाच घेऊन आलो. विक्रेत्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. साहेबांनी डबा मांडीवर घेतला, वास घेतला, मान कलती केली आणि माझा तळवा उलटून पाहिला. सगळा करडा रंग माझ्या हाताला लागला होता. खाली कसला तरी गुलाबी खेळण्याचा डबा होता. मी ते खेळणं पुतणीला दिलं. तिलाही ते चाललं नाही.

शेवटी खरा डबा सुरतेबाहेर चलथाणला सापडला. साखर कारखान्याच्या वसाहतीत एका निवृत्त गृहस्थाच्या माळ्यावर, मुलगा परदेशी गेल्यापासून तसाच पडून होता. साहेबांनी त्या घरी एवढे प्रश्न विचारले, की गृहस्थ घाबरून म्हणाले, “घेऊन जा, पण माझं नाव कुठे सांगू नका.”

आम्ही तो लिंबायतला आणला, जुन्याच्या जागी गुपचूप लावला. नानांनी बटणं हातात घेतली. टक, उडी. टक, उडी. मशालवाला माणूस भुयारातून वाऱ्यासारखा सुटला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेब बराच वेळ नानांच्या बोटांकडे बघत होते. आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तुझाच चांगला आहे रे.”

नानांची बोटं थांबली. दगड पडला.

“काय बोलना?”

“चांगला आहे म्हटलं.”

नानांनी बटणं खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला. “डॉक्टर काय बोलना तुले?”

नानांना डोळ्यांच्या दवाखान्यात साहेबच न्यायचे. रिपोर्ट साहेबच वाचून दाखवायचे. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डाव्या डोळ्यातला उजेडही आता फार दिवस राहणार नाही. साहेबांनी नानांना वाचून दाखवलं होतं, “सगळं ठीक आहे, पुढच्या महिन्यात या.” हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की दुसऱ्याचं खोटं पकडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला स्वतः खोटं बोलताना घाम फुटला होता.

“चांगला म्हणजे,” ते म्हणाले, “भंगारात चांगला.”

“खरं सांग.”

साहेबांनी खाटेवर बसल्या बसल्याच मागे सरकायचा प्रयत्न केला. मागे भिंत होती.

“डावाही जाणार,” ते म्हणाले.

वहिनी आत गेल्या, स्टोव्हशी काहीतरी पडलं, ते कोणी उचललं नाही. नाना बराच वेळ बटणांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “हा डबा नवा शे. मना डबा सुरू होताना खोकस. हा खोकना नही.” त्यांनी डोळे मिटून घेतले, घट्ट, लहान मूल मिटतं तसे. “चल. आत्ताच सराव करी टाकतो.”

खेळ पुन्हा सुरू झाला. टक, उडी. पहिलं भुयार संपल्यावर नाना डोळे न उघडता म्हणाले, “एक सांगी ठेवस. भांडण सोडू नको. तू गोड बोलना, का माले भ्याव वाटस.”

“तुझ्याशी गोड कोण बोलणार,” साहेब म्हणाले. “भंगार आहे तुझा डबा. समोरचं अर्धं दिसतच नाही.”

डावा डोळा गेला, तरी त्यांनी ते वाक्य बदललं नाही. दर शनिवारी, पूर्ण आंधळ्या मित्राशेजारी बसून, ते कुरकुरायचे, समोरचं अर्धं दिसतच नाही. नवख्या माणसाला ते क्रूर वाटलं असतं. नाना मात्र ते ऐकल्याशिवाय बटणं हातात घ्यायचे नाहीत.

साहेब गेल्या वर्षी गेले. दुपारी टेबलावर चहा ठेवून शिपाई परत गेला, पुन्हा आला, तेव्हा चहा तसाच होता आणि ते खुर्चीत एका बाजूला कलले होते. मान डावीकडे. आम्हाला थोडा वेळ वाटलं, एखादी सही बघतायत.

आता पासिंगला मी बसतो. नको त्या सह्या सोडतो, चांगल्या अडवतो, वरच्यांकडून बोलणी खातो. आणि शनिवारी लिंबायतला जातो.

साहेबांनंतर पहिल्यांदा गेलो, तेव्हा नाना नुसते बसले होते. टीव्ही चालू, बटणं खाटेवर. मी घरून तयारी करून आलो होतो. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. मी साहेबांच्या जागेवर बसलो, मान कलती केली आणि त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच कुरकुरीसकट म्हणालो, “भंगार आहे तुझा डबा. समोरचं अर्धं दिसतच नाही.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमलं.

नानांनी माझ्या दिशेने कान केला.

“फार जुळतंय, साहेब,” ते म्हणाले.

खुर्ची असती तर मी ती मागे सरकवली असती.

त्यांनी चाचपडत बटणं उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “आधी खेळा. मग तुमचं तुम्ही भांडा.”

मी खेळायला लागलो. मशालवाला माणूस पळाला, हिरवं पाणी आलं, भुयार आलं, मी पुढे वाकून टीव्हीत डोळे घातले आणि पहिलाच दगड डोक्यात बसला.

“टक झाला होता,” नाना म्हणाले.

मला ऐकू आला नव्हता. मी बघत होतो.