दादाचं ‘ॲक्च्युअली’

‘ॲक्च्युअली’ या शब्दाचा अर्थ कोशात ‘वस्तुतः’ असा दिलेला असतो. वस्तुतः तसा काही त्याचा अर्थ नाही. टोरांटोकडची आमची मराठी मंडळी तो थाप मारण्याआधी खाकरल्यासारखा वापरतात: “ॲक्च्युअली, त्या शनिवारी आमच्याकडे पाहुणे आहेत.” ऑफिसात साहेबाचं चुकलंय हे साहेबाला न दुखवता सांगायला तो बरा पडतो. आणि इथली चार वर्षांची मुलं आजीआजोबांना दुरुस्त करायला तो वापरतात, तेव्हा दुखवण्याची पर्वा अजिबात नसते.

माझा थोरला भाऊ या चार वर्षांच्या मुलांच्या गटात मोडायचा. दादा ठाण्याला एका कारखान्यात इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर वहिनीसह मुलीकडे टोरांटोत, स्कारबरोला आला, तोवर हा शब्द त्याच्या अंगात पुरता मुरलेला होता. समोरचा बोलताना जरा चुकला की दादाची तर्जनी वर जायची. “ॲक्च्युअली...” आणि मग दुरुस्ती. मुलीच्या लग्नात त्याने भटजींना मध्येच थांबवून तिथी दुरुस्त केली होती. ती बरोबर निघाली, हे त्याहून वाईट. मी वॉटर्लूच्या माझ्या घरून त्याला भेटायला निघालो की बायको विचारायची, “किती वेळा होईल आज?” आम्ही अंदाज लावायचो.

गेल्या हिवाळ्यात दादाला स्ट्रोक झाला. उजवा हात लुळा पडला. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा गेल्या आणि एकच शब्द मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, होतं असं. कुणाची एखादी शिवी उरते, कुणाचं देवाचं नाव. आमच्या दादाचं ‘ॲक्च्युअली’ उरलं.

“पाणी हवंय का?” “ॲक्च्युअली.” “थंडी वाजतेय का?” “ॲक्च्युअली.” स्पीच थेरपिस्ट चित्रं घेऊन आली. हा कप आहे का? ॲक्च्युअली. हा चमचा आहे का? ॲक्च्युअली. तिसऱ्या चित्राला दादाने तोंड फिरवलं.

ती तरुण मुलगी वाईट नव्हती. तिने मला आणि वहिनीला कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं: सांगितलेलं ज्याला समजतं त्याला रिहॅबमध्ये जागा मिळते, रोज व्यायाम, रोज बोलण्याचा सराव. समजत नसेल तर केअर होम. आत्तापर्यंत तरी तिला समजल्याची खूण दिसली नव्हती. शुक्रवारी तिला आपलं मत हॉस्पिटलला कळवायचं होतं. तो दिवस गुरुवार होता.

ती गेल्यावर वहिनी म्हणाली, “भाऊजी, ह्यांना सगळं कळतंय हो. काल मी फोनवर म्हटलं, आम्हाला इथे येऊन सात वर्षं झाली. तर हे खेकसले, ॲक्च्युअली! मग मी म्हटलं, बरं बाई, आठ. तर गप्प.”

मी तसाच थेरपिस्टच्या मागे गेलो. म्हणालो, “त्याला प्रश्न विचारू नका. त्याला प्रश्न कधीच आवडले नाहीत. काहीतरी चुकीचं सांगा.”

ती हसली, पण तिने ते मनावर घेतलं. अटी घातल्या. बारा विधानं मी आधी इंग्रजीत लिहून द्यायची, प्रत्येकापुढे खरं की खोटं. मग दादाच्या खुर्चीच्या मागे बसून, माझा चेहरा दिसणार नाही असा, सपाट आवाजात ती मराठीत म्हणायची.

“दादा, तुझा जन्म नाशिकचा.”

“ॲक्च्युअली!” डावी तर्जनी वर गेली.

“आपण दोघे भाऊ.” शांतता.

“आईला कारलं फार आवडायचं.”

“ॲक्च्युअली!” वहिनी कोपऱ्यात फिसकन हसली.

“कॅनडाची राजधानी टोरांटो.”

“ॲक्च्युअली...” यात रागसुद्धा नव्हता, नुसती माझी कीव होती.

“शाळेत गणितात मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे.” यावर तो तीनदा म्हणाला.

मी खुर्चीच्या पाठीकडे बघत ऐकत होतो. तोच शब्द. जन्मगावाला तो दुरुस्ती होता, कारल्याला आईची आठवण, राजधानीला धाकट्याच्या अडाणीपणावरचा उसासा. ज्या शब्दाची मी आयुष्यभर टिंगल केली त्यात एक अख्खा माणूस जाऊन राहिला होता, आणि मजेत मावला होता. खऱ्या विधानांना तो एकदाही बोलला नाही. थेरपिस्टचं पेन बरोबरच्या खुणा करत खाली सरकत होतं.

शेवटच्या विधानापुढे मी ‘खरं’ लिहिलं होतं. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांचा रेडिओ फुटला होता आणि त्यासाठी मी सपाटून मार खाल्ला होता. मी हात लावला नव्हता, असं तेव्हा रडून सांगितलं होतं. पण घराने एकदा ठरवलं ते ठरलं, आणि पन्नास वर्षं ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

“दादा, बाबांचा रेडिओ मी फोडला.”

बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, जवळजवळ स्वतःशी: “ॲक्च्युअली.”

पेन थांबलं. “हे तर खरं होतं ना?” थेरपिस्टने विचारलं.

“मलाही तसंच वाटत होतं,” मी म्हणालो. “कागद चुकलाय. दादा बरोबर आहे.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. भावासाठी माणूस काय काय बोलतो, हे तिने बरंच पाहिलं असणार.

तेवढ्यात कोपऱ्यातून वहिनी म्हणाली, “अहो, म्हणजे रेडिओ तुम्ही फोडलात?”

दादाने मान खिडकीकडे वळवली. बाहेर पार्किंगमध्ये बर्फ ढकलणारी गाडी मागेपुढे करत होती. ती तो लक्ष देऊन पाहू लागला.

“त्या काय म्हणाल्या?” थेरपिस्टने विचारलं. मी सांगितलं. ती दादाकडे बघत थांबली. चांगली मिनिटभर थांबली. ‘ॲक्च्युअली’ काही आलं नाही. मग तिने कागदावरचं ‘खरं’ खोडलं, शेजारी बरोबरची खूण केली आणि उठली. “रिहॅबचा फॉर्म मी आजच पाठवते,” म्हणाली.

“आणि मार खाल्ला भाऊजींनी?” वहिनी काही सोडायला तयार नव्हती.

दादा अजून गाडीच बघत होता.